सीडींच्या वहीची सवत

मित्रांनो, माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमची फसगत व्हायला नको. मी मत्सरी आहे. दुष्ट नाही, पण मत्सरी नक्की. हिरव्या कापडी पाठीची, एका कोपऱ्यावर चहाचा डाग मिरवणारी मी एक जुनी वही. एका घरातल्या चारशे बारा चित्रपटांची यादी माझ्या पोटात आहे.

चित्रपट म्हणजे सीडी. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिलीही नसेल. हाताच्या पंजाएवढी चकचकीत चकती, मधोमध भोक, आणि ठेवायला प्लास्टिकची चपटी डबी. ती यंत्रात सरकवली की पडद्यावर चित्रपट सुरू होतो. आमच्या घरी अशा डब्यांनी दोन कपाटं भरली आहेत.

माझा जन्म छापखान्यात झाला. बाबा तिथे बाइंडर होते. मी त्यांना बाबा म्हणते, कारण त्यांची लेक म्हणते, आणि घडवलं तर मलाही त्यांनीच. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवून झाली की जेवणाच्या सुट्टीत ते उरल्यासुरल्या कागदांतून मला जुळवत बसायचे. म्हणून माझी काही पानं रेघांची, काही कोरी, आणि मधली सोळा चक्क गुलाबी आहेत. त्यांनी दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेला दोरा ओवला, खळ लावली आणि दोन दिवस मला विटांखाली दाबून ठेवलं. पाठीचं हिरवं कापड त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून न विचारता आणलं होतं. त्यावरून घरात काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी तेव्हा नुकतीच जन्मले होते.

बाबांनी पट्टी धरून माझ्या पानांवर रकाने आखले. नंबर, चित्रपटाचं नाव, कपाट, कोणी नेली, कधी आणली, आणि सगळ्यात रुंद रकाना शेऱ्याचा. या शेऱ्याचा आमच्या घरी कडक नियम होता. शेजारीपाजारी कोणीही सीडी न्यावी, पण परत करताना स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी. शेरा नाही, तर पुढची सीडी नाही. समोरच्या नर्सताई लिहून गेल्या, "मध्येच झोप लागली. चित्रपटाचा दोष नाही, ड्यूटी होती." पोस्टमनकाकांनी लिहिलं, "खुनी कोण ते मला पाचव्या मिनिटाला कळलं." आणि त्याखाली बाबांनी लिहिलं, "बाकीच्यांना सांगू नये."

आई कधीच लांबलचक लिहायची नाही. "रडले." पुढच्या वेळी, "पुन्हा रडले." एका विनोदी चित्रपटापुढे, "यात रडण्यासारखं काही नव्हतं, तरी."

बाबा रोज संध्याकाळी मला मांडीवर घ्यायचे. नवीन नोंद नसली तरी घ्यायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "ही वही म्हणजे माझी सवत आहे सवत! तिच्या तोंडाकडे बघता तेवढं माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं." बाबा हसायचे. मीही आतल्या आत हसायचे. सवत म्हटलं की आपली काहीतरी किंमत आहे असं वाटायचं. सवत येते तेव्हा काय होतं, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

पुढे आई गेली. त्यानंतरच्या पानांवर तिचा शेरा नाही. बाबांनी सीडी आणणं सोडलं नाही, पण त्यांची नजर हळूहळू अधू होत चालली. माझ्या शेवटच्या पानांवर त्यांच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. तीनशे नव्वद नंबर तर दोनदा पडला आहे. शेवटी डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि बाबा तीन आठवडे आत्याकडे राहायला गेले. दवाखाना तिच्या घराजवळ होता.

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी ती आली.

तिचं नाव सॉफ्टवेअर. लेकीने तिला आपल्या लॅपटॉपमध्ये आणलं होतं. डबीच्या मागे काळ्या उभ्या रेघा असतात ना, त्यांवर लेक मोबाइल धरायची. टुक! की लगेच पडद्यावर चित्रपटाचं नाव, साल, नटनट्या, रंगीत चित्र, सगळं हजर. वर बाईसाहेब ते मोठ्याने वाचूनही दाखवायच्या. टुक, टुक, टुक. बाबांनी एकोणीस वर्षं घालून केलेली यादी तिने दोन दुपारी उरकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक ओळ स्वतः लिहायची नाही, कोणाच्या हाताचा घाम माहीत नाही, आणि तोरा असा की जणू कपाटं हिच्याच माहेरून आली!

"बाबांना आता ऐकून सगळं कळेल," लेक फोनवर आत्याला सांगत होती. "वहीतलं कुठे दिसणार आहे त्यांना? ती आता ठेवून दिली तरी चालेल." आणि तिने मला ठेवलं कुठे, माहीत आहे? सीडी प्लेयरचा एक पाय आखूड होता, त्याखाली. गरज सरो, वैद्य मरो!

त्या प्लेयरखालून मला सगळं ऐकू येत होतं. म्हणूनच तिची चूकही मला सगळ्यांत आधी कळली. लेक डब्या उघडत नव्हती. ती फक्त डबीची पाठ तपासत होती. आणि आमच्या घरात डबी एक, आत सीडी दुसरीच, हा जुना कारभार. एखादी डबी फुटली की बाबा आतली सीडी दुसऱ्या रिकाम्या डबीत घालायचे आणि माझ्यात लिहून ठेवायचे. अशा अठ्ठावीस नोंदी आहेत माझ्यात. सॉफ्टवेअर बिचारी डब्यांची यादी करत होती आणि तिला वाटत होतं, ती चित्रपटांची यादी आहे.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लपवून काय करू? मनात म्हटलं, कर बाई, आणखी चुका कर. बाबा येऊ देत, मग तुझं पितळ उघडं पडेल.

मग ती एकदम म्हणाली, "ही डबी आधीच यादीत आहे. दुसरी प्रत." लेकीने ती डबी बाजूला काढली. अशा सात निघाल्या. "सातही दुकानात देऊन टाकते. कपाटात जागा तरी होईल," लेक स्वतःशीच म्हणाली. कोपऱ्यावर जुन्या पुस्तकांचं आणि सीडींचं दुकान आहे, तिथे देणार होती. मी ऐकत होते आणि खूश होत होते. पिशवी भरता भरता सातव्या डबीचं नाव लेकीने वाचलं, "जहाजाचा चित्रपट, दुसरी प्रत," आणि माझ्या पानांतला दोरा ताठ झाला.

मित्रांनो, ती दुसरी प्रत नव्हती. छापखान्यातल्या लोकांनी बाबांना हा जहाजाचा चित्रपट भेट दिला होता, पण तो घरात आधीपासून होता. जास्तीची सीडी बाबांनी नर्सताईंना देऊन टाकली आणि डबी ठेवून घेतली. त्या डबीत काय गेलं ते माझ्या एकतिसाव्या पानावर बाबांच्या सुरेख अक्षरात आहे: "२८७. घरचं चित्रण. लेकीचं शाळेतलं नाटक. डबी फुटल्याने जहाजाच्या रिकाम्या डबीत. कोणालाही देऊ नये."

त्या नाटकात लेक झाड झाली होती. कॅमेरा आईच्या हातात होता. त्यामुळे आई त्यात कुठेच दिसत नाही. कधीमधी तिचा अंगठा तेवढा मध्ये येतो. पण तिचा आवाज आहे, तिचं हसू आहे. आईचा आवाज या घरात दुसऱ्या कशातही नाही.

आणि ती डबी पिशवीत गेली. मी सगळं जाणत होते. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी त्या आधीचा अर्धा तास मी गप्पच बसले असते. सवतीची फजिती बघायची होती ना मला! दाराला कडी लागल्याचा आवाज झाला. मला माझीच लाज वाटली.

तीन आठवडे पुरे झाले आणि बाबा आले. डोळ्यांवर काळा चष्मा. एका डोळ्याला आता फक्त मोठं तेवढं, तेही अंधुक दिसणार, दुसऱ्याला काहीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीने मोठ्या हौसेने त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. सॉफ्टवेअर एकेक नाव वाचत गेली. बाबा मान डोलावत होते. माझ्यावर दहा किलोचा प्लेयर होता, पण त्यापेक्षा जड ती मान डोलावणं होतं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "बाळा, दोनशे सत्याऐंशी लाव. आता बघून नाही, पण ऐकून तरी."

लेकीने शोधलं. "असा नंबर नाही दाखवत, बाबा. नाव सांगा ना."

"नाव काय असणार? तुझं झाड आहे त्यात. वही आण बघू."

"वही कशाला? थांबा, मी परत विचारते हिला."

"अगं, तिला कसं ठाऊक असेल? तिला सांगितलं कोणी? वही आण."

प्लेयर उचलला गेला. लेकीने मला उघडलं, एकतिसावं पान काढलं आणि वाचायला लागली. "जहाजाच्या रिकाम्या डबीत" इथे तिचा आवाज थांबला.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी... मी ती दुकानात देऊन टाकली."

बाबांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसला, स्वच्छ होता तरी. लेकीने मला पिशवीत टाकलं आणि चपला पायात अडकवून धावत सुटली. या घरी आल्यापासून पहिल्यांदाच मी रस्ता पाहिला, तोही पिशवीच्या तोंडातून.

दुकानदाराने सहा डब्या काढून समोर ठेवल्या. सातवी नव्हती. "जहाजाची ना? ती काल बेकरीवाले घेऊन गेले," तो म्हणाला. लेक त्यांचा पत्ता विचारते आहे तोच पांढऱ्या पिठाने माखलेल्या बाह्यांचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. हातात तीच डबी.

"अहो, ही काय थट्टा आहे?" ते दुकानदाराला म्हणाले. "वर जहाज, आणि आत शाळेतली पोरं! एक पोरगी झाड झालीय आणि पाठ करून उभी आहे."

"ती मीच," लेक म्हणाली, आणि रडायला लागली.

बेकरीवाले गोंधळले. मग डबी तिच्या हातात देत हळूच म्हणाले, "तुम्हीच का? आणि ते मागून ओरडतंय कोण?"

"आई."

लेकीने डोळे पुसले, पिशवीतून मला काढलं आणि एकतिसावं पान त्यांच्यापुढे धरलं. "काका, आमच्या घरचा नियम आहे. सीडी परत करताना शेरा लिहावा लागतो."

त्यांनी हात झटकून पेन घेतलं. माझ्या पानावर अजून ते पीठ आहे.

सातही डब्या घेऊन आम्ही घरी आलो आणि सीडी लागली. पडद्यावर काय होतं ते बाबांना दिसलं नसेल. पण आवाज आला, "अगं, पुढे बघ, पुढे! झाड कधी लोकांना पाठ दाखवतं का?" आणि मग ते हसू. बाबा डोळे मिटून बसले होते. पुन्हा लाव म्हणाले. तीनदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "शेरा काय लिहिलाय त्यांनी?"

लेकीने वाचलं, "नाटक समजलं नाही. बाई कोण ते दिसलं नाही. पण त्या हसल्या म्हणून आमच्या घरात सगळे हसले."

त्यानंतर लेकीने चारशे बारा डब्या उघडल्या, एकेक, मला शेजारी घेऊन. चुकांची दुरुस्ती केली, आणि सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचाही रकाना केला. आता संध्याकाळी बाबा तिच्यासमोर बसतात आणि ती सपाट आवाजात वाचते, "रडले. पुन्हा रडले." बाबा खो खो हसतात. माझा जळफळाट होतो. ते माझे शब्द आहेत, एकोणीस वर्षं मी सांभाळलेले. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मी ते नुसते सांभाळले. बाबांची नजर गेल्यापासून त्यातला एकही शब्द मी त्यांच्यापर्यंत पोचवू शकले नव्हते. ते सवतीने केलं.

तुम्हाला एकच विनंती आहे. घरात नवं जरूर आणा. मात्र जुनं बाहेर काढण्याआधी डबी उघडून बघा, आणि ती कोणी भरली होती त्याला विचारा. तो घरी नसेल, तर तो येईपर्यंत थांबा.

परवा लेकीने माझ्यात नवीन नोंद केली. "४१३. यादीचं सॉफ्टवेअर." मग बाबांचा हात धरून तिने पेन शेऱ्याच्या रकान्यावर टेकवलं. त्यांनी न बघता लिहिलं. ओळ खाली घसरली आहे, दोन अक्षरं एकमेकांवर चढली आहेत, तरी वाचता येते: "हुशार आहे. वहीला विचारून वागावं."

हा शेरा सवतीनेही वाचून दाखवला. वाचू दे. अक्षर माझ्या अंगावर आहे.