करगोट्याला बांधलेली चावी

रामाजीच्या घरचं लंबकाचं घड्याळ भावाशी वाटणी झाली त्या दिवसापासून बंद होतं. बिघडलं-बिघडलं नव्हतं हो. घड्याळ रामाजीकडे आलं आणि त्याची चावी धाकट्या लटारूकडे गेली, एवढंच. बैल वाटले, धानाच्या शेतातल्या बांध्या वाटल्या, भांडी वाटली आणि बापानं नागपूरहून आणलेल्या घड्याळावर दोघंही अडून बसले. शेवटी पंच कंटाळले. "एकानं घड्याळ घ्या, एकानं चावी घ्या, आन आमाले जेवाले जाऊ द्या!" लटारूनं तिथल्या तिथं चावी कमरेच्या करगोट्याला बांधली. रामाजी घड्याळ छातीशी धरून घरी आला. काय मिळवलं, तर लाकडाचं खोकं!

हे त्यालाही कळत होतं. भिंतीकडे नजर गेली की 'वा रे शहाण्या!' म्हणून स्वतःच हसायचा. पण चावी मागायला मधल्या कुडापलीकडे लटारूच्या घरी जायचं म्हटलं की पाय उचलत नसे. खरं सांगायचं तर घड्याळाचं त्याला काही पडलं नव्हतं. लटारूनं आपणहून यावं, एवढंच त्याला हवं होतं. पलीकडून भावाचा खोकला ऐकू आला की याचा घास तोंडातच फिरायचा. लोकांनी विचारलं की मात्र ऐटीत सांगायचा, "बिघडलं हाय."

थाप मारावी तर ती निभावताही यावी. एक दिवस बायको, गुणाबाई, वैतागली.

"बिघडलं हाय तं वडसाले नेत काऊन नाई? तो बिरजू घड्याळवाला कायले बसला हाय तिथी?"

रामाजीनं घड्याळ गोधडीत गुंडाळलं आणि स्वारी बैलांची बंडी जुंपून वडशाला निघाली. धडधाकट माणसाला वैद्याकडे न्यावं तसला प्रकार. वाटभर रामाजी बैलांना सांगत होता, "तुमी बरे रे बाबांनो, मालक येडा भेटला तुमाले."

बिरजूनं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, आत फुंकर मारली.

"भाऊ, याले तं काईच झालं नाई. चावी कुठी हाय?"

"घरी राह्यली," रामाजी पुटपुटला. तसं ते अर्धं खरं होतं.

बिरजूनं चाव्यांचा डबा काढला. एकेक लावून पाहता पाहता त्याला हसू फुटलं.

"तुमच्याच गावाकडचा एक माणूस आला होता. त्याच्यापाशी निसती चावी. म्हने, या चावीले लागन असं जुनं घड्याळ हाय का? म्या म्हटलं, दाखव. तं चावी करगोट्याले! गाठ सुटता सुटंना. धोतर सावरत पोट पुढं केलं आन म्हने, इथीच माप घ्या."

रामाजीचा ऊर भरून आला. म्हणजे आपण एकटेच गाढव नाही! आपल्याच रक्ताचं आणखी एक गाढव वडशापर्यंत येऊन गेलं होतं.

"ही पाहा, लागली," बिरजू चावी फिरवणार, तोच रामाजीनं त्याचा हात धरला.

"थांबा! नका देऊ. याची चावी हाय."

गोधडी तशीच टाकून, उघडं घड्याळ मांडीवर घेऊन तो गावी परतला आणि सरळ लटारूच्या अंगणात बंडी थांबवली. लटारू ओसरीवर सुतळी वळत बसला होता. भावाला पाहून उठला, सुतळी हातातच.

"पाह्यत काय राह्यला? चावी दे याले," रामाजी म्हणाला. आवाज रागाचा काढायला गेला आणि चिरकलाच.

लटारूनं करगोट्याची गाठ ओढली. नखांनी, दातांनीही सोडवायला पाहिली; दात काही तिथवर पोचेनात.

"नाई सुटत, भाऊ."

"राहू दे. घड्याळच आनतो तिथी."

रामाजीनं घड्याळ भावाच्या पोटाशी नेऊन टेकवलं आणि पलीकडून आपलं पोट लावून धरलं. मधल्या फटीत हात घालून लटारू चावी फिरवू लागला. करकर, करकर. रामाजी हसतही होता आणि डोळेही पुसत होता. मग लंबक हलवला. टिकटिक सुरू झाली.

"किती वाजले लावू?" लटारूनं विचारलं.

"चार."

"चार कायचे? ऊन कुठी गेलं पाहा. पाच वाजले!"

"मोठा कोन हाय, तू का मी?"

कुडाच्या पलीकडून गुणाबाई आवाज ओळखून धावत आली. भांडण ऐकलं, पोटांमधलं घड्याळ पाहिलं, आणि दोघांसाठी भात टाकायला आपल्या घरी परत गेली.