दुसऱ्या हाकेला

“माझ्या माघारी का होईना, त्या दगडावर मोठीचं नाव घाल गं. परमुलखात पोर तुझ्या नावाने झोपलीय. घालशील ना?”

“घालीन,” धाकटी आईला म्हणाली होती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, शब्द अजून पाळायचाच होता.

आज पोस्टाने पाकीट आलं. युद्धात सेवेला गेलेल्या स्वयंसेवकांच्या कबरींवरचे झिजलेले दगड बदलणार. नावात चूक असल्यास महिनाअखेरपर्यंत जिल्हा कचेरीत कळवावं. सोबत फोटो. पांढरा दगड, त्यावर धाकटीचं नाव.

“अगंबाई! जिवंतपणी स्वतःची कबर बघायला भाग्य लागतं हो, वन्सं,” भावजय खांद्यावरून डोकावली. “राहू द्या की तसंच. दगडाला काय कळतंय!”

धाकटीने फोटो उजेडाकडे धरला. इस्पितळात फाटक्या चादरी शिवण्यात तिचा जन्म गेला. तिथे ती नुसती ‘चादरवाल्या बाई’. तिचं नाव मानाने कुठे लिहिलेलं असेल तर ते त्या दगडावर. तेही मोठीने कमावलेलं.

खरं तर जायचं होतं धाकटीलाच. प्रथमोपचाराची परीक्षा तिने दिलेली, प्रमाणपत्र तिच्या नावाचं. ऐन वेळी आईचं अंग लुळं पडलं. मोठी म्हणाली, “तुझा हात हलका, तू आईजवळ थांब. कागद मला दे, मी जाते.” गेली, आणि आठ महिन्यांत जखमींची सेवा करता करता तापाने तिकडेच संपली. इथे आईला एकवीस वर्षं कुशीवर वळवायची धाकटीने, आणि आईच्या ओठांवर मोठी. “माझं सोनं गं ते!”

मग मी काय, पितळ? धाकटी रोज देवापुढे हात जोडायची. देवा, एवढी जळजळ तेवढी काढून घे. देव आपला हसतमुख.

पाकिटात जुन्या कागदांत सापडलेली एक चिठ्ठीही होती, मोठीबरोबर जखमींच्या तंबूत काम केलेल्या बाईने तेव्हा आईला लिहिलेली. भावजय मोठ्याने वाचू लागली.

“‘तुमची मुलगी कामाला वाघीण. पण पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही, नाव दोनदा घ्यावं लागे. आम्ही तिला बहिरी म्हणून चिडवायचो.’”

दोघींनाही हसू फुटलं. नाव दुसरीचं, ओ देणार कशी!

“‘शेवटी उशाशी बसून आम्ही पुष्कळ हाका मारल्या. तिने ओ दिली नाही.’”

 धाकटीने चिठ्ठी भावजयीच्या हातातून घेतली, घडी घातली. उठून कपाटातून मोठीचा जन्मदाखला काढला आणि दुरुस्तीचा कागद पुढ्यात ओढला.

‘योग्य नाव’ या चौकटीपाशी हात अडला. एवढं एकच होतं आपलं, तेही द्यायचं?

मग तिने मोठीचं नाव सावकाश लिहिलं. लिहिताना एकदा पुटपुटली. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा.

“कुठे निघालात? जेवण व्हायचंय अजून,” भावजय म्हणाली.

“कचेरी बंद व्हायच्या आत जाऊन येते.”

धाकटीने चपला पायात सरकवल्या, पाकीट पदराखाली घेतलं आणि जिना उतरू लागली.