चिंचोक्यांची मतमोजणी

नौपाड्यातल्या ज्ञानवर्धक वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जगाची चिंता मताला टाकली जाई. आज हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटेल. पण चोपन्न सालच्या ठाण्यात त्यात हसण्यासारखं कुणाला काही दिसत नसे. देश नवा होता. चार शहाण्या माणसांनी बसून नीट विचार केला आणि सुवाच्य अक्षरात पत्र धाडलं, तर दूर कुठेतरी ते वाचलं जाईल, असं मनापासून वाटण्याचे ते दिवस होते.

रीत ठरलेली होती. लांब बाकावर तीन वाट्या मांडायच्या. प्रत्येक वाटीखाली एका प्रश्नाची चिठ्ठी. सभासदाला दहा चिंचोके मिळत. ज्या प्रश्नाची जितकी काळजी वाटेल, तितके चिंचोके त्या वाटीत टाकायचे. जी वाटी जड होईल तिच्यावर युनोला पत्र जाई. सभेला सात जण तरी हवेत, आणि मोजणी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मागे एकदा एक गृहस्थ मधेच दूध आणायला गेले आणि निकालावरून दोन महिने अबोला चालला, तेव्हापासून हा नियम लोखंडासारखा पक्का झाला होता.

सभेचे अध्यक्ष हरिहरपंत. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सून वासंती दारापाशी चटईवर बसून सभेचा वृत्तान्त लिही. ती मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं. सभासद मात्र नव्हती, तेव्हा बोलायचा प्रश्नच नव्हता. पण युनोला जाणारं पत्र तिच्या हातचं असे आणि त्याचा तिला अभिमान होता. नवरा रेल्वेत, सदा भुसावळकडे. महिन्यातली ती एक दुपार तिला आपली वाटे.

एप्रिलमधल्या त्या रविवारी नेमके सातच जण जमले होते. पहिली वाटी हायड्रोजन बॉम्बची, दुसरी इंडोचायनातल्या लढाईची, तिसरी वाढत्या लोकसंख्येची. बॉम्बच्या बाजूने विश्राम डॉक्टर बोलत होते. पॅसिफिक महासागरात अमेरिकेने बॉम्बचा प्रयोग केला, त्याची राख शंभर मैलांवरच्या जपानी कोळ्यांच्या होडीवर पडली, माणसांची कातडी भाजून निघाली, असं सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

"डॉक्टर, राख तिकडे पडली. इथे तांदळात खडे पडताहेत, त्याला एखादी वाटी ठेवा की," पोस्टातून निवृत्त झालेले भाऊ म्हणाले.

"भाऊ, तुमचा विषय मागच्या महिन्यात पडला. चार चिंचोके मिळाले होते," हरिहरपंत म्हणाले.

"आणि त्यातले तीन माझे होते," भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

त्याच वेळी मागच्या पडवीतून हाक आली. "बाय. ओ बाय."

वासंतीने वळून पाहिलं. तुळसा उभी होती. रुळांपलीकडच्या कोपरीची मीठवाली. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन आठवड्यातून दोनदा नौपाड्यात फिरणारी, मापावर मूठभर जास्त घालून "ऱ्हाऊ दे गं" म्हणणारी. आज पाटी नव्हती. पदर धड नव्हता. मागे तिचा दीर काळुराम धापा टाकत होता.

वासंती वही ठेवून पडवीत गेली.

"डाक्टरच्या घरी गेलेलो, तं सांगतान हितं हाय," तुळसा म्हणाली. "माझे गोदीला बघाला बोलव गो. सकालपासून उलट्या नि जुलाब. डोले खोल गेलेत. आमच्या आलीत परवापासून दोघं गेली."

गोदा नऊ वर्षांची. आईमागून कधीमधी येई आणि वासंतीच्या ओट्यावर बसून सागरगोटे खेळे. दोघं गेली म्हणजे काय, हे वासंतीला वेगळं सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, येई.

"थांबा, आत सांगते."

"सारखी पानी मागते. देऊ का?"

वासंतीने क्षणभरही विचार केला नाही. तिच्या माहेरी, सासरी, शेजारीपाजारी, सगळीकडे एकच ठाऊक होतं. पोटात ठरत नाही तोवर पाणी बंद. पाणी दिलं की उलटी वाढते. तिच्या आईने असंच केलं होतं, आजीनेही.

"डॉक्टर येईपर्यंत नको. ओठ तेवढे ओले करा."

तुळसा दिराकडे वळली. "धाव. आयेला सांग, पानी देव नको म्हनावं. शिकलेली बाय सांगते."

काळुराम गेला. तुळसा पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली.

वासंती आत आली तेव्हा डॉक्टर अजून बोलतच होते. तिने वहीचा कोपरा फाडला, त्यावर लिहिलं, 'कोपरीत पटकी. तुळसाची मुलगी फार आजारी. डॉक्टर हवेत.' आणि ती चिठ्ठी नेऊन सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. हरिहरपंतांनी चष्मा वर करून ती वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. मग चिठ्ठी दौतीखाली सरकवून हळूच म्हणाले, "मोजणी झाली की सांगतो. पंधरा मिनिटं. आत्ता उठले तर सभाच मोडेल."

"मामंजी, मुलगी लहान..."

"मला कळत नाही का? पंधरा मिनिटं म्हटलं ना."

ते दुष्ट नव्हते. घरी मोलकरणीच्या मुलाला शिकवत, फी स्वतः भरत. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं असंच त्यांना वाटत होतं, आणि वासंतीलाही तसंच वाटलं. ती पडवीत जाऊन म्हणाली, "झालंच आता."

पण लोकसंख्येवाल्यांनी उत्तर द्यायला वेळ मागितला. तो नियमाप्रमाणे द्यावाच लागला. मग इंडोचायनावाल्यांनी नकाशा उलगडला. वासंती चटईवर बसून लिहीत होती. काय लिहिते आहे ते तिला दिसत नव्हतं. डॉक्टर तिच्यापासून सहा हातांवर बसले होते. हाक मारली असती तर उठले असते, त्याबद्दल तिला आजन्म शंका वाटली नाही. पण त्या खोलीत तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. सात पुरुषांत, सासऱ्यांच्या देखत, त्यांनी एकदा नाही म्हटल्यावर हाक कशी मारायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, हे वाक्य संपलं की बोलायचं. वाक्य संपलं. मग ठरवलं, हा माणूस खाली बसला की. तो बसला आणि दुसरा उठला.

पडवीत ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा तुळसा खाली बसली होती.

"किती वेल गो?"

"झालंच. आता चिंचोके टाकायचे, की उठतील."

"कसले चिंचोके?"

वासंती पुन्हा आत गेली.

चिंचोके पडले. मोजले. बॉम्ब सत्तावीस, लोकसंख्या सत्तावीस, इंडोचायना सोळा. बरोबरी. भाऊ म्हणाले, "जगाची काळजी अशी सारखी वाटली जाते हे चांगलं लक्षण आहे." पुन्हा हसू झालं. हरिहरपंतांनी घड्याळ पाहिलं, दौतीकडे पाहिलं, जरा घुटमळले. मग म्हणाले, "दोन वाट्या ठेवून पुन्हा घेऊ. चटकन होईल." आणि चिंचोके परत वाटायला लागले.

त्या आवाजाने वासंती उठली. वाळलेल्या बिया लाकडी बाकावर पडतात, तेवढाच तो आवाज. ती सरळ बाकापाशी गेली.

"डॉक्टर, उठा," ती म्हणाली. "कोपरीत पटकी आहे. मुलीची आई मागे बसली आहे."

डॉक्टर उठलेच. "केव्हा आली?"

"सव्वाचारला."

सव्वापाच वाजून गेले होते. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हरिहरपंतांकडे. पायात चपला सरकवून पडवीतून धावतच निघाले. मागे कुणीतरी म्हणालं, "मग आता सभा रद्द धरायची का?" त्याला हरिहरपंतांनी काय उत्तर दिलं ते ऐकायला वासंती थांबली नाही. ती तुळसामागून निघाली होती. सुनेने असं डोक्यावरून पदर न घेता रस्त्याने पळायचं नसतं, हे तिला रुळांवरचा पूल ओलांडल्यावर आठवलं.

वाटेत डॉक्टरांनी दवाखाना उघडून बॅग आणि सलाइनच्या दोन बाटल्या घेतल्या. त्यात आणखी दहा मिनिटं गेली.

कोपरीतल्या त्या आळीत घरांपुढे चुना टाकलेला होता. तुळसाच्या घरात गोदा सुपलीएवढी होऊन गोधडीवर पडली होती. वासंतीने ओळखलीच नसती. गाल आत गेलेले, बोटांची कातडी धुण्याच्या बाईच्या हातासारखी सुरकुतलेली. आवाज बसला होता. ओठ मात्र हलत होते, आणि काय मागत होते ते कळायला आवाजाची गरज नव्हती. उशाशी म्हातारी आजी ओल्या फडक्याचं टोक हातात धरून बसली होती. सांगितलं होतं तेवढंच करत होती.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. एका हाताची शीर शोधली. दुसऱ्या हाताची शोधली. सुई तीनदा आत गेली आणि तीनदा रिकामी बाहेर आली. "शिरा मिटल्यात," ते स्वतःशीच म्हणाले. मग घोट्यापाशी कापून शीर काढली. तिथे कशीबशी सुई बसली. वासंतीला बाटली उंच धरायला सांगितलं. ती धरून उभी राहिली. थेंब पडत होते, पण इतके सावकाश की ती ते मोजू लागली.

"पाणी दिलं होतं का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

आजीने मान हलवली.

"का नाही? ओकली तरी द्यायचं असतं. अंगातलं सगळं पाणी गेलंय. घोटघोट दिलं असतं तर निदान..." ते थांबले. "कुणी सांगितलं देऊ नका म्हणून?"

वासंतीने बाटली दुसऱ्या हातात घेतली. मी, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"कोनी नाय," तुळसा म्हणाली. ती पोरीचे तळवे चोळत होती, तिने वर पाहिलं नाही. "घरान पानी नव्हता."

दाराशी दोन हंडे भरलेले होते. डॉक्टरांनी ते पाहिले.

ओकलं तरी पाणी द्यायचं, ही गोष्ट त्या काळी डॉक्टर सोडले तर कुणाला ठाऊक नव्हती, आणि डॉक्टरांतही थोड्यांनाच. मीठसाखरेचं पाणी घराघरांत पोचायला अजून पंचवीस वर्षं होती. पण म्हणून वासंतीच्या मनाला पुढे कधी उतार पडला असं नाही.

दिवेलागणीच्या थोडं आधी गोदाचे ओठ हलायचे थांबले. दुसरी बाटली उघडलीच नाही. डॉक्टरांनी सुई काढली, घोट्यावर पट्टी बांधली. मेलेल्या पोरीच्या घोट्यावर त्यांनी इतकी नीट पट्टी का बांधली, कोण जाणे. मग डोळे पुसत बाहेर गेले आणि काळुरामला आळीतली घरं दाखवायला सांगितलं.

आजीने हंबरडा फोडला. तुळसा रडली नाही. ओट्यावर येऊन बसली. वासंती तिच्या शेजारी बसली.

"तुळसाबाई, तुम्ही खोटं का बोललात? मीच सांगितलं होतं."

"खरा सांगून पोर उठनार हाय काय?" तुळसा म्हणाली. मग तिने विचारलं, "तिथं काय ठरवीत व्हते गो सगले? येवढा वेल?"

वासंतीला खोटं सांगायचं होतं. पण तेही सुचलं नाही. "लांब एक समुद्र आहे. तिथे मोठा बॉम्ब फोडला. त्याची राख कोळ्यांच्या अंगावर पडली, ते भाजले. असं परत होऊ नये म्हणून पत्र पाठवायचं होतं."

"मेलं?"

"नाही. इस्पितळात आहेत."

तुळसाने मान हलवली. "त्यांना पानी देतान ना?"

"देत असतील."

"बरा," तुळसा म्हणाली, आणि पोरीला आंघोळ घालायला आत गेली. त्या 'बरा'मध्ये टोमणा नव्हता. असता तर वासंतीला तो सोसला असता.

आळीच्या टोकाशी राहणाऱ्या धाकू नावाच्या माणसाच्या घरातून डॉक्टरांनी हाक मारली. धाकूच्या बायकोला, गंगुबाईला, दुपारपासून सुरू झालं होतं. उरलेली बाटली डॉक्टरांनी तिला लावली. पण शेजारच्या खाटेवर तिची सासू होती, तिलाही सुरू झालेलं, आणि तिसरी बाटली नव्हती. डॉक्टर ती आणायला पुन्हा नौपाड्याला निघाले.

"वासंती, चुलीवर पाणी उकळायला ठेवलंय. निवत आलं की म्हातारीला चमच्याने देत राहा. थांबू नकोस."

"ओकली तर?"

"तरी द्यायचं."

मघाशी रद्द झालेल्या सभेतला कुणीतरी ओट्याखाली येऊन उभा राहिला. आवाज भाऊंचा होता, पण त्यात आता गंमत नव्हती. "वासंती, हरिहरपंतांनी निरोप दिलाय. घरी ये म्हणतात. आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात काढून ठेवलंय. ते... ते फार अस्वस्थ आहेत गं."

"मी इथे आहे म्हणावं," ती आतून म्हणाली.

भाऊ ओट्यावर चढून दारापाशी आले. मग विचारलं, "मी काही आणू का?"

"लाकडं आणा. आणि भांडी, मिळतील तेवढी."

म्हातारीच्या तोंडाशी तिने चमचा नेला. पाणी आत गेलं, आणि क्षणभराने सगळं तिच्या पदरावर परत आलं. म्हातारीने हाताने नको नको केलं. वासंतीने पदर पुसला नाही. तिने चमचा पुन्हा भरला.