बिनऔषधाचे उंदीर

वेदिकाने पुन्हा एकदा मोजून बघितलं आणि कपाळाला हात लावला. ज्या उंदरांना औषध दिलंच नव्हतं, त्यांचीच सूज सगळ्यांच्या आधी उतरली होती!

मिरजोळ्याच्या बाजूला असलेल्या फार्मसी कॉलेजात ती निर्गुडीच्या पाल्यावर प्रबंध करत होती. पद्धत तशी सरळ. पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पायात सुईने रसायन टोचून सूज आणायची. काहींना पाल्याचा अर्क पाजायचा, काहींना दुकानातलं औषध, आणि काहींना नुसतं डिंकाचं पाणी. मग तासातासाने पाय मोजायचे. डिंकाच्या पाण्यावाल्यांचे पाय सुजलेलेच राहायला हवेत, तरच बाकीच्यांना काय फरक पडला ते कळणार. इथे सगळंच उलटं झालं होतं.

तिचे मार्गदर्शक साळवी सर आकडे बघून म्हणाले, "निर्गुडी सोड आता. दुसरी वनस्पती घे. वर्ष जाईल, पण निदान काहीतरी हाती लागेल."

"नाही सोडणार, सर."

सरांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. वेदिकाला मात्र ते म्हणायची चांगलीच होती. पावस गावात तिच्या घरी बाबा बोटीवरून आले की दोर ओढून सुजलेल्या मनगटाला हाच पाला गरम करून बांधत. त्याने खरंच उतार पडतो की नुसती मनाची समजूत, एवढंच तिला बघायचं होतं. खोटं ठरलं तरी चालेल, पण धडपणे ठरू दे, असा तिचा हट्ट होता.

ती तशीच प्राण्यांच्या खोलीत गेली आणि डिंकाच्या पाण्यावाल्यांचा पिंजरा उघडला. आतून निर्गुडीचा उग्र, कडवट वास आला. तो ओळखायला तिला कुणाची गरज नव्हती. पण या उंदरांना तर पाल्याचा थेंबही पाजला नव्हता. तिने एकाला उचललं, तर पाय तेलकट!

पिंजरे साफ करणाऱ्या काशीमावशी मागेच तूस पसरत उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही यांना काही लावलंत?"

मावशींनी लपवाछपवी केली नाही. "लावला तर! निगडीचा तेल, घरातना आणलेला. तू जेवायला गेलीस न् ही पोरां पाय उचलून बसलेली. बाकीच्यांना औषध दिलंस, यांनी काय तुझा घोडा मारलान? माझ्याच्यानं बघवला नाय, बाय."

वेदिकाला ओरडावंसं वाटलं आणि हसूही आलं. सगळी मेहनत पाण्यात, आणि तीही कुणाच्या मायेपायी!

"अहो मावशी, यांची सूज तशीच राहिली तरच माझ्या पाल्याने काय केलं ते कळतं. तुम्ही निर्गुडीचंच तेल लावलंत, आता मला काहीच कळायचं नाही."

"म्हंजे परत टोचणार? नव्या उंदरांना?"

"परत."

"माझ्यामुळं?"

वेदिकाने हातातला उंदीर पिंजऱ्यात परत ठेवला. मावशी तुसाच्या गोणीवर मटकन बसल्या. त्यांचा चेहरा बघून वेदिकाचा राग कुठल्या कुठे गेला, हट्ट तेवढा राहिला.

सरांसमोर ती सरळ म्हणाली, "चूक माझी, सर. प्रयोग चालू असताना मी खोली सोडून गेले, आणि मावशींना काय करायचं नाही ते कधी सांगितलंच नव्हतं."

"प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे पुन्हा प्राणी मागावे लागतील. कारण ऐकून हसतील सगळे."

"हसू देत."

हसलेच. पण रागवारागवी करून का होईना, परवानगी मिळाली.

नव्या प्रयोगाच्या दिवशी मावशी आपणहून म्हणाल्या, "मला भायेर ठेव. आतनं कडी घाल. माझा हात ऐकायचा नाय."

वेदिकाने कडी घातली आणि या वेळी जागची हलली नाही. आजवर ती मोजायला यायची, मोजायची आणि निघून जायची. मधल्या वेळात डिंकाच्या पाण्यावाले उंदीर पाय कसा टेकवत नाहीत, कसे कोपऱ्यात अंग चोरून बसतात, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. दोन्ही हात काखेत दाबून ती बसून राहिली, आणि वेळ झाली की तेवढी मोजायला उठली.

शेवटचे आकडे आले. अर्क प्यालेल्यांची सूज उतरली होती. दुकानातल्या औषधाइतकी नाही, पण उतरली होती हे नक्की. डिंकाच्या पाण्यावाल्यांचे पाय मात्र तसेच टम्म. तिला नाचावंसं वाटलं, सरांकडे धावत जावंसं वाटलं. पण तिने आधी कडी काढली.

मावशी पायरीवर बसल्या होत्या. "झाला?"

"झालं. पाल्याने सूज उतरते, मावशी. आपला पाला खरा आहे."

"न् त्या बिनऔषधाच्यांची?"

"त्यांची नाही उतरली."

मावशींनी मान खाली घातली. वेदिका दारातून बाजूला झाली.

"आता मोजायचं काही उरलं नाही. तेल आणलंय ना?"

"आणलाय."

वेदिकाने पहिला उंदीर स्वतः उचलून त्यांच्यासमोर धरला.