घोषणा होऊ दे

माझ्या नवऱ्याला वादळ आवडतं. निसर्गप्रेम वगैरे काही नाही. शहराबाहेरच्या थीम पार्कचा एक नियम आहे. विजा जवळ आल्या की लाउडस्पीकरवरून पार्क बंद झाल्याची घोषणा होते, आणि त्या क्षणी जो आत असेल त्याला फाटकावर पुन्हा येण्याचा पास मिळतो. वर्षभरात कधीही या, फुकट. घोषणेआधी जो बाहेर पडला त्याला काही नाही. हे कळल्यापासून आभाळ भरून आलं की नवरा बूट शोधायला लागतो. पास मिळतो, तो घेऊन आम्ही पुढच्या वादळात जातो, तिथे पुन्हा पास मिळतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिथला मोठा पाळणा मी अजून फिरताना पाहिलेला नाही. नवरा मात्र दर वेळी पार्कवाल्यांना कसं गंडवलं या खुशीत घरी येतो.

गेल्या वर्षी त्याने माझ्या आईलाही नेलं. ती चार दिवस आराम करायला म्हणून माझ्याकडे आली होती. रोलर कोस्टर थांबवलेलं, रांग रिकामी, डोक्यावर छप्पर नाही आणि पाऊस आडवा-तिडवा. आई म्हणाली, "जावईबापू, गाडीची किल्ली द्या, मी आत बसते."

"घोषणा होऊ दे," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा मागितली. तेव्हा तिचे दात वाजत होते. "होऊ दे हो घोषणा, आता इतकं थांबलोच आहोत तर!" तो म्हणाला, मग माझ्याकडे वळून, "नाटकं पुरे म्हणावं." मी भांडले, त्याच्या खिशात हात घालायचा तेवढा बाकी ठेवला. तो खिशावर तळहात दाबून उभा राहिला, आणि घोषणा झाली तेव्हा आईला धरून चालवावं लागलं.

ताप आला, तो छातीत गेला, आणि आई हॉस्पिटलमधून परत आली नाही. भेटायला येणाऱ्यांना हा सांगत होता, "वय झालं होतं. पण हौस बघा, पावसातसुद्धा थांबायचंच म्हणाल्या." माझ्या देखत. तेव्हापासून मी या माणसाबरोबर दातओठ खात राहते आहे. राग हळूहळू शिळा होतो म्हणतात. माझा झाला नाही.

परवा तो ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाला, "तुझ्या आईचा पास संपत आलाय. वाया कशाला घालवायचा? माझ्या आईला नेऊ. रविवारी वादळ आहे."

डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप मी मुद्दाम हळू खाली ठेवला. म्हटलं, "नेऊ या की."

काय करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते त्यानेच माझ्या हातात दिलं. रविवारी गाडीतून उतरताना त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. "तुझ्या पर्समध्ये ठेव. गेल्या वर्षी भिजून बिघडली होती, नवी करून घ्यावी लागली." गेल्या वर्षी त्या पावसात दोघी भिजल्या होत्या, माझी आई आणि गाडीची किल्ली. त्यातल्या एकीची त्याने एवढी काळजी घेतली होती.

आत चिटपाखरू नव्हतं. सासूबाई कोपऱ्यातल्या बाकड्याकडे बघत म्हणाल्या, "अरे, एवढ्या पावसात कुत्रंसुद्धा आडोशाला बसतं."

"आई, जरा दम धर. घोषणा होऊ दे."

तेच शब्द. तोच सूर. मी सासूबाईंच्या कोपराला धरलं. "चला आई, बाथरूमला जाऊन येऊ." बाथरूमवरून आम्ही सरळ फाटकाकडे गेलो.

"मॅडम, आता बाहेर पडलात तर पास मिळणार नाही," फाटकावरचा सुरक्षारक्षक म्हणाला.

"नकोच आहे."

गाडी सुरू केली, हीटर लावला, सासूबाईंना मागच्या सीटवर शालीत गुंडाळलं, फ्लास्कमधली कॉफी दिली आणि सगळी दारं आतून लॉक केली. मग पुढे बसून फाटकाकडे बघत राहिले. मला बरं वाटत होतं. इतकं बरं वर्षभरात वाटलं नव्हतं.

काही वेळाने तो आतून कुंपणाच्या जाळीपाशी आला. आम्हाला पाहिलं, हात हलवून आत बोलावलं. मी हात हलवून टाटा केला. पास सोडवत नाही आणि पाऊस सोसवत नाही, असा तो तिथे नाचत होता. त्याचा स्वस्तातला रेनकोट खांद्यापासून फाटून मागे फडफडत होता.

"तो भिजतोय गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आईलाच हौस होती ना पावसात थांबायची? मग आज हे काय चाललंय?"

म्हणजे त्यांनाही हेच सांगितलं होतं. मी मागे वळून सगळं सांगितलं. आईने किल्ली मागितली ते, पुन्हा मागितली ते, नाटकं पुरे म्हणाला ते आणि खिशावरचा तळहातही. सासूबाईंच्या हातात कॉफी तशीच राहिली.

तेवढ्यात त्याचा धीर सुटला. घोषणा व्हायच्या आधीच तो फाटकातून बाहेर पडला आणि पळत गाडीपाशी आला. दार ओढलं, उघडलं नाही. काचेवर थापा मारल्या. ओठ निळे पडले होते. "उघड! आई, तू तरी उघड!"

सासूबाईंचा हात दाराकडे गेला. मी अडवलं नाही. त्यांचाच मुलगा होता. पण त्यांनी दार उघडलं नाही, काच बोटभर खाली केली.

"हिच्या आईने किल्ली मागितली होती का रे?"

"आई, आधी दार उघड, मी गारठलोय."

"मागितली होती का?"

"अगं, तेव्हा घोषणा व्हायचीच होती..."

सासूबाईंनी काच वर केली. तो बाहेरून काहीतरी ओरडत होता, पण हीटरच्या आवाजात आता ऐकू येत नव्हतं.

"मग होऊ दे घोषणा," त्या म्हणाल्या, आणि उरलेली कॉफी त्यांनी माझ्यापुढे धरली.