वाळवणाची वायर

सकाळच्या दुधाची शेवटची नोंद करताना नेट गेलं. आप्पारावांनी माउस टेबलावर आपटला आणि खुर्चीतूनच अंगणाकडं तोंड करून ओरडले,

"अगं, काढ ते लुगडं वायरीवरून."

इंटरनेटचा डबा घरात होता आणि कॉम्प्युटर अंगणापलीकडं, दूध संकलनाच्या पत्र्याच्या खोलीत. दोन्हींमध्ये निळी वायर ताणलेली होती. साखराबाई तिच्यावरच कपडे वाळत घालायच्या. ओल्या लुगड्यानं वायर ओढली जायची, कॉम्प्युटरमागची पिन ढिली व्हायची. नवरा ओरडला की बायकोचं उत्तर ठरलेलं असायचं, "नेटाला ऊन लागत न्हाई, लुगड्याला लागतं."

त्या दिवशी उत्तर आलं नाही. आप्पाराव आणखी एकदा ओरडले, मग पुटपुटत बाहेर आले. साखराबाई वायरीखाली पडल्या होत्या. लुगड्याचं एक टोक वायरीवर होतं, दुसरं त्यांच्या मुठीत.

साखराबाई गेल्या, तेव्हापासून नेट एकदाही गेलं नव्हतं.

दूध घेताना आप्पाराव मधेच उठायचे, मागची पिन चाचपायचे, परत बसायचे. पिन घट्ट असायची. धोतर आता ते स्वतःच धुवायचे आणि कुंपणाच्या बोरीवर टाकायचे. काट्यांनी त्याला भोकं पडली होती.

"भावजी, एवढी वायर रिकामी हाय," शेजारची कडूबाई दुधाची किटली ठेवत म्हणाली. "धोतर काट्यावर कावून टाकता?"

"वायर नेटाची हाय."

"आत्ता झाली व्हय नेटाची?"

आप्पारावांनी तिची किटली काट्यावर ठेवली. दुपारी त्यांनी केजच्या बंकटला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

बंकट मोटारसायकलवर आला. त्यानं आधी वायर तपासली.

"आप्पा, वायर एक नंबर हाय. वायफाय कशाला पायजे?"

"मदीच नेट जातंय."

"कधी गेलतं?"

आप्पाराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. "तू बसव."

बंकटनं वायफायचा डोंगल, नखाएवढा खटका, कॉम्प्युटरला लावला. कॉम्प्युटर जुना, त्यानं काही तो ओळखला नाही.

"म्हाताऱ्याला पाहुणा वळखू येईना," बंकट हसला. "ह्याचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं लागंल. वायरीवरनंच."

"म्हंजी वायर काढायला वायरच लागती."

"एवढ्यापुरती."

पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. आप्पारावांनी वजनकाटा पुसला. बाहेर जाऊन आले. पुसलेला काटा परत पुसला.

"बसा की आप्पा. तुमच्या फिरण्यानं ते लवकर उतरणार हाय का?"

शेवटी जोडणी झाली, पण पत्र्यामुळं रेंज अर्धीच येत होती. बंकटनं हातभर लांबीची जोडवायर लावून खटका खिडकीत टांगला. रेंज पुरी आली. मग त्यानं निळ्या वायरीची पिन उपसली. पडद्यावर काहीच फरक पडला नाही.

"झालं. वायर गुंडाळून देऊ?"

"असू दे. मी काढतो."

बंकट गेल्यावर आप्पाराव स्टूल घेऊन अंगणात आले. वायरीवर दोन चिमटे अजून होते, उन्हानं पांढरे पडलेले. त्यांनी वायरीला हात लावला. खाली बादलीत सकाळचं धोतर भिजत पडलं होतं. उभ्या उभ्या त्यांनी ते अर्धवट पिळलं आणि वायरीवर टाकलं. चिमटे लावले. वायर मधोमध लवली.

ते खोलीत येऊन बसले. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. नेट चालूच होतं.

मग ते उठले. खिडकीतला खटका काढून त्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि निळी पिन परत मागं खोचली.

संध्याकाळी दूध घालायला माणसं आली. कडूबाई सगळ्यात शेवटी. तिची किटली काट्यावर चढली, आप्पारावांनी आकडा टाकला आणि नेट गेलं.

कडूबाईनं दारातून अंगणात पाहिलं. वारं सुटलं होतं. धोतर फुगून वायर ओढत होतं.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "काढू का ते धोतर?"

आप्पारावांचा हात माउसवर तसाच होता.

"राहू दे. वाळलं न्हाई अजून."

किटली रिकामी झाली, कडूबाई घरी गेली. तिच्या दुधाची नोंद करायची राहिली.