पलीकडे बुरैमी

“आजोबा, फोकस! विच कंट्री इज बेटर?”

पर्णिकाच्या या प्रश्नावर वसंतराव इतक्या मोठ्याने हसले की स्वयंपाकघरातून कुमुदताईंनी डोकं बाहेर काढून पाहिलं. नातीला शाळेने प्रोजेक्ट दिला होता. दोन शेजारी अरब देश घ्यायचे आणि तिथल्या राहणीमानाची तुलना करायची. तिने एमिरेट्स आणि ओमान घेतले होते, आणि रस्ते, शाळा, पाणी, दवाखाने असं एकेक विचारत ती सकाळपासून आजोबांच्या मागे लागली होती.

“हे मला एकट्याला विचारून चालायचं नाही,” वसंतराव म्हणाले. “पलीकडच्या पार्टीलाही विचारायला हवं.” आणि त्यांनी ओमानातल्या बुरैमीला हनीफला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“लिही बेटा,” हनीफचा घोगरा आवाज आला. “तुमच्याकडे झाडाला नळी लावून त्याला वाढवतात. आमच्याकडे झाड आपलं आपण वाढतं. हा पहिला पॉइंट.”

“आमच्याकडे रस्त्यावर दिवे आहेत म्हणावं,” वसंतराव म्हणाले. “यांच्याकडे चंद्र उगवायची वाट बघतात.”

“अरे, आमचा चंद्र दिसतो तरी! तुमच्याकडे कुणी मान वर करून बघितलंय कधी?”

“दिस इज नॉट डेटा, अंकल,” पर्णिका वैतागून म्हणाली.

हनीफ हसायला लागला आणि मध्येच थांबला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, जिना चढून आलेल्या माणसासारखा. मग “नंतर बोलतो रे वसंता” म्हणून त्याने फोन ठेवला.

वसंतराव चिपळूणकडचे, हनीफ मंडणगडचा. अल ऐनमधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत दोघे पंप मेकॅनिक म्हणून एकाच वर्षी लागले आणि पुढे दोघांनी मिळून बुरैमीत पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा अल ऐन आणि बुरैमी ही नावापुरतीच दोन गावं होती. एका गल्लीत एमिरेट्स संपायचं, पुढच्या गल्लीत ओमान लागायचं. मध्ये फाटक नाही की शिपाई नाही. खजुराच्या बागा दोन्हीकडे, त्यामुळे बिघडलेले पंपही दोन्हीकडे. सकाळचा चहा एका देशात, दुपारचं जेवण दुसऱ्या देशात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. राहायला दोन्ही कुटुंबं बुरैमीतच होती. त्यांचा अरबाब, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान होतं तो ओमानी सुलेमान, याच्या आवारात शेजारी शेजारी दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या. वसंतरावांचा मुलगा कुणाल तिथेच चालायला शिकला. कुमुदताईंनी हनीफच्या जुलेखाला पुरणपोळी शिकवली आणि तिच्याकडून सांदण शिकून घेतलं.

मग एके वर्षी कुंपण आलं. आधी खांब रोवले गेले, मग जाळी, मग चौक्या. एका गावाचे दोन देश झाले आणि ज्याने त्याने आपली बाजू ठरवायची वेळ आली.

वसंतरावांनी अल ऐन निवडलं. “पोराची शाळा बघ, इथले हॉस्पिटल्स बघ. फ्यूचर इकडेच आहे,” ते हनीफला समजावत होते. हनीफ हलला नाही. “माझी लेक अफनान आजारी होती तेव्हा अरबाबची म्हातारी रात्र रात्र उशाशी बसली होती. त्यांना सोडून कुठे जाऊ?” तो म्हणाला. भांडण असं झालं नाही. हत्यारं वाटून घेतली, दुकानाची पाटी हनीफकडे राहिली. आणि त्या दिवसापासून फोनवर त्यांची ती न संपणारी जुगलबंदी सुरू झाली: तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय. अल ऐनमध्ये नवा पूल झाला की वसंतराव त्याचा फोटो पाठवत. बुरैमीत पाऊस होऊन वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी, वाहिली की हनीफ पाण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवी. वर्षामागून वर्षं गेली. चिडवताना दोघंही आपापली निवड बरोबर होती, याची मनातल्या मनात पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होते.

वय झालं तसं वसंतरावांनी अल ऐनमधलं काम बंद केलं आणि कुणालने आईवडिलांना अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या आपल्या घरी आणलं. घर छान होतं. सगळं गार, सगळं स्वच्छ. पण उंच भिंतींच्या त्या व्हिलांमध्ये शेजारच्या माणसाचा चेहरा वसंतरावांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिला होता.

प्रोजेक्टच्या त्या फोननंतर दोन दिवसांनी जुलेखाचा कुमुदताईंना फोन आला. हनीफच्या छातीत दुखत होतं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाची मोठी तपासणी सांगितली होती. ती मस्कतला व्हायची होती आणि तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती.

वसंतरावांनी फोन कुमुदताईंच्या हातातून काढून घेतला. “भाभी, त्याला द्या. हनीफ, ऐक. मस्कत किती लांब, अल ऐन तुझ्या दारात आहे. कुणाल अपॉइंटमेंटचं बघेल. व्हिजिट व्हिसा काढू, उद्या ये.”

“आलो असतो रे,” हनीफ म्हणाला. “पण मग तू जिंकलास ना!”

“ही मस्करीची वेळ आहे का?”

“मस्करी नाही करत.” हनीफचा आवाज अगदी शांत होता. “सगळा जन्म तुला सांगत आलो की इथं काही कमी नाही. आता छाती धरून तुझ्या दारात उभा राहू? अफनान काय म्हणेल? अरबाब काय म्हणेल? इन्शाल्ला, मस्कतला होईल सगळं. तूच ये भेटायला.”

तिथेच तर घोडं अडलं होतं. वसंतरावांचा अल ऐनमधल्या कामावरचा व्हिसा संपला होता आणि मुलाच्या नावावरचा अजून निघायचा होता. “बाबा, सिस्टिममध्ये अंडर प्रोसेस दाखवतंय,” कुणालने बजावलं होतं. “आता बॉर्डर क्रॉस केलीत तर अ‍ॅप्लिकेशन कॅन्सल होईल. मग पुन्हा आत येता येईल की नाही, मी सांगू शकत नाही. थोडे दिवस थांबा.”

वसंतराव थांबले. रोज फोन करत राहिले. आधी समजावलं, मग रागावले, मग एकदा विनवणीही केली. हनीफ दरवेळी बोलणं खजुराच्या यंदाच्या पिकावर नेऊन सोडी. शेवटी चिडून वसंतराव म्हणाले, “मर मग तिकडेच!” आणि लगेच त्यांनी जीभ चावली. हनीफ हसला. “तोच तर प्लॅन आहे,” म्हणाला.

पुढच्या गुरुवारी सकाळी अफनानचा फोन आला. हनीफची ही मुलगी बुरैमीतच वाढलेली, तिथल्या शाळेत शिकवणारी. मराठीत सुरुवात करून ती हिंदीवर गेली आणि मग नुसतीच रडू लागली. पहाटे दुखणं वाढलं होतं. मस्कतच्या तारखेची वाट न बघता अरबाबच्या मुलाने हनीफला गाडीत घालून सोहारच्या हॉस्पिटलच्या दिशेने नेलं होतं. वाटेतल्या डोंगरातच, वादी जिझ्झीच्या वळणांवर कुठेतरी, मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून हनीफ गेला होता. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं.

“मला जायचंय,” वसंतराव म्हणाले.

कुणाल ऑफिसला निघाला होता. त्याने बॅग खाली ठेवली. “बाबा, तुम्हाला माहितेय...”

“माहितेय. बॉर्डरपर्यंत तरी ने.”

कुणालने सुट्टी टाकली. अल ऐनपर्यंतच्या त्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर कुणालने गाडी भरधाव सोडली. दुतर्फा लावलेली झाडं एका मापाची, एका उंचीची मागे पळत होती. अल ऐनच्या कडेला, जिथून कुंपण दिसतं तिथे, कुणालने गाडी उभी केली. वसंतराव खाली उतरले. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. जाळीपलीकडे बुरैमीची बसकी घरं, पाण्याच्या टाक्या, दोन मिनार दिसत होते. त्यांतलं अरबाबचं आवार कुठलं हे ते शोधत राहिले. मधल्या काळात तिकडेही नव्या इमारती उठल्या होत्या. ओळखीचं काहीच सापडेना.

दुपारची बांग झाली. आधी इकडच्या मशिदीतून, पाठोपाठ तिकडच्या. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि कोणता कुठला हे कळेनासं झालं. तिथे आता हनीफला खांद्यावर घेतलं असेल. ज्याने कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत उतरून पंप काढले, दोराचं दुसरं टोक ज्याने नेहमी वसंतरावांच्याच हातात दिलं, तो आज दुसऱ्यांच्या हातांनी खाली जात होता.

“बाबा, उन्हात नका उभे राहू,” कुणाल काच खाली करून म्हणाला. वसंतरावांनी ऐकलं नाही. रस्त्यावरून एक पोलिसांची गाडी हळू झाली, म्हाताऱ्या माणसाकडे बघून पुढे निघून गेली.

व्हिसा त्यानंतरच्या आठवड्यात आला.

वसंतराव आणि कुमुदताई दोघंही गेली. चौकीवर पासपोर्ट दाखवले, बोटांचे ठसे दिले आणि पूर्वी ज्या अंतरासाठी ते सायकलसुद्धा बाहेर काढत नसत, ते अंतर टॅक्सीने फिरून फिरून पार केलं. अरबाबचं आवार होतं तिथेच होतं. दार उघडंच होतं. आत शेजारच्या ओमानी बायका अजून येऊन बसत होत्या. कुणी खजूर आणले होते, कुणी भाताचं मोठं ताट झाकून ठेवलं होतं. आठवडा उलटला तरी घरात चूल पेटू दिली नव्हती, असं जुलेखा म्हणाली. कुमुदताईंच्या गळ्यात पडून ती खूप वेळ रडली.

मग वसंतरावांसमोर कहव्याचा पेला ठेवत तिने अफनानकडे पाहिलं. अफनानने मान खाली घातली.

“भावजी, तुम्हाला सांगू नका म्हणाले होते,” जुलेखा म्हणाली. “जायच्या दोन दिवस आधी त्यांनी अफनानला बसवलं. म्हणाले, वसंताच्या त्या हॉस्पिटलचा व्हिसा काढ. पण त्याला कळू देऊ नकोस. आधी बरा होतो, मग सांगतो. नाहीतर मेला जन्मभर चिडवेल.”

वसंतरावांच्या हातातला पेला तसाच राहिला.

“शनिवारी येणार होते तुमच्याकडे,” अफनान म्हणाली.

बाहेर एका बाईने दुसरीला हाक मारली आणि दोघी हलक्या आवाजात बोलत निघून गेल्या. वसंतराव उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. त्यांनी पाठवलेले ते सगळे फोटो, तो नवा पूल, ते चकचकीत हॉस्पिटल, “बघ, बघ काय आहे आमच्याकडे!” असं मोठ्या तोंडाने म्हणणं, हे सगळं त्यांना एकेक करून आठवत गेलं. त्यांनी कहवा एका घोटात संपवला. तोंड भाजलं, तरी त्यांना जाणवलं नाही.

संध्याकाळी अरबाब सुलेमान त्यांना दफनभूमीत घेऊन गेला. तो आता काठी टेकत चालत होता, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. वाटेत तो आपल्या मोडक्या हिंदीत बोलत राहिला. “हनीफ हमारा आदमी. मेरा बेटा अंदर उतरा, उसको नीचे रखा. हमने बहुत कोशिश किया वसंत. रास्ता लंबा है. हमारा रास्ता बहुत लंबा है.” शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं, जणू आपल्या देशाच्या वतीने तो माफी मागत होता.

दफनभूमी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची मोकळी जमीन. नाव नाही, पाटी नाही. मातीचे उंचवटे आणि डोक्याशी, पायाशी रोवलेले साधे दगड. कडेला दोन ढिगारे ताजे होते, एकमेकांना लागून. त्याच आठवड्यात गावातलं आणखी कुणीतरी गेलं होतं. अरबाबने डोळे बारीक केले, काठी एका ढिगाऱ्याकडे नेली, मग दुसऱ्याकडे.

“यह है,” तो म्हणाला. थोडं थांबला. “नहीं... शायद यह.” मुलाला फोन करायला त्याने खिशात हात घातला. फोन घरीच राहिला होता. काय करावं हे त्या म्हाताऱ्याला सुचेना. मग त्याने वसंतरावांच्या पाठीवर हात ठेवला. “दोनों के लिए दुआ कर दो. खलास.”

वसंतरावांनी चपला काढल्या. माती अजून तापलेली होती. दोन्ही ढिगाऱ्यांच्या मध्ये पाऊलभर जागा होती, तिथे ते जपून, कुणाला पाय लागणार नाही असे जाऊन उभे राहिले. हात जोडावेत की ओंजळ धरावी, हे त्यांना ठरवता येईना. ते नुसतेच उभे राहिले, आणि अंधार पडायला लागला तरी अरबाबने त्यांना चला म्हटलं नाही.